डोक्याचं माप

सालेहा : नाही बसत बेटा. काढ ते.

सिद्धम्मा : बसलंय की, खाला.

सालेहा : बसलं नाही, वर ठेवल्यावानी हाय. मान हलव बरं. हळू नको, जोरात हलव. घरी सासू काही बोलली की आपण मनातल्या मनात हलवतो, तशी.

सिद्धम्मा : मला सासू नाही.

सालेहा : मग माझ्या सासूला आठवून हलव. ...हे बघ आरशात. तू इकडं बघून राहिली अन् हेल्मेट तिकडं भिंतीकडं बघून राहिलं.

सिद्धम्मा : याच्यापेक्षा मोठं माप द्या मग.

सालेहा : हेच सगळ्यात मोठं. साठ नंबर. हे दुकान माझ्या सासऱ्यापासूनचं हाय, खोगीर, लगाम, रिकिबी, सगळं इथं बनायचं. नांदेडात साठ नंबरचं डोकं मी एका पैलवानाचं बघितलं, त्याच्यानंतर तुझंच.

सिद्धम्मा : हनुवटीचा पट्टा आवळला तर चालेल ना?

सालेहा : पट्टा कशाला असतो? हेल्मेट निघून जाऊ नये म्हणून. डोकं वाचवायचं तर ते सगळीकडून चिकटून बसायला पाहिजे. भुवईच्या वर बोटभर कपाळ मोकळं, बस. तुझं तर टाळूवर तरंगून राहिलं. कानशील उघडं, मागचं डोकं उघडं. घोड्यावरून माणूस टाळूवर नाही पडत बेटा. बाजूला पडतो, नाही तर मागं.

सिद्धम्मा : माझ्याकडं स्कूटीचं हेल्मेट आहे. सैल आहे, सगळं मावतं त्यात. तेच नेलं तर?

सालेहा : सगळं म्हणजे काय काय मावतं?

सिद्धम्मा : ...डोकं.

सालेहा : स्कूटीचं नको. ते जड असतं, मानेवर येतं. अन् कान झाकतं. बाजूनं काय आलं, घोडा कशाला बुजला, हे ऐकायला नको का तुला? कधी बसायचं घोड्यावर?

सिद्धम्मा : उद्या सकाळी. लातूरला दहा दिवसांचं शिबिर आहे. मी देगलूरजवळ मुलींच्या निवासी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. संस्थेनं दोन घोड्या घेतल्यात, मुलींना शिकवायला. पण आधी मॅडमनं शिकायचं, मग मुलींनी. अन् मॅडम, म्हणजे मी, चौतीस वर्षांची.

सालेहा : याच्या आधी कधी बसली?

सिद्धम्मा : बैलावर बसले होते लहानपणी. पडले.

सालेहा : मग निम्मं शिकून झालं.

सिद्धम्मा : शिबिराच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय. हेल्मेट स्वतःचं पाहिजे, मापाचं पाहिजे. ते तपासणार, तेव्हाच घोड्याजवळ सोडणार. साडेचारची लातूरची बस आहे आमची. खाला, आत कपडा कोंबून बसवून द्या ना कसं तरी.

सालेहा : कसं तरी नाही देत मी. आधी तो रुमाल काढ, टेपनं माप घेते. इतका जाड रुमाल गुंडाळून कोणाचं माप येतं?

सिद्धम्मा : रुमाल नाही काढत मी.

सालेहा : इथं कोणी मर्द माणूस नाही. माझे मालक वर झोपलेत, चारशिवाय उतरत नाहीत. दार लोटून घेते. मी पण परक्यासमोर डोकं उघडं करत नाही, मला समजतं.

सिद्धम्मा : तुमच्यासारखं नाही ते, खाला.

सालेहा : मग? आजार-बिजार झाला का? केस गेले?

सिद्धम्मा : गेले असते तर बरं. ...जट आहे.

सालेहा : अच्छा.

सिद्धम्मा : झालं? आता बसवून देता का?

सालेहा : बघू दे तरी. दार लावलं बघ. सोड हळूहळू. ...या अल्ला. ही कमरेपर्यंत हाय गं.

सिद्धम्मा : गुंडाळून वर बांधते. म्हणून साठ नंबरचं डोकं.

सालेहा : हात लावू?

सिद्धम्मा : लावा. लोक पाया पडतात, हात कोणी लावत नाही.

सालेहा : लाकूड झालंय नुसतं. किती वर्षांची?

सिद्धम्मा : एकवीस. तेरा वर्षांची होते, टायफॉइड झाला होता. दीड महिना अंथरुणात. उठले तेव्हा मागं एक गाठ झाली होती. गल्लीतली एक बाई येऊन म्हणाली, देवी आली पोरीच्या डोक्यात. झालं.

सालेहा : अन् मान?

सिद्धम्मा : घरी पट्टा घालते मानेला. शाळेत नाही घालत. मुली हसतात.

सालेहा : लग्न?

सिद्धम्मा : तीन स्थळं आली. जट बघितली, पाया पडले, अन् गेले.

सालेहा : बेटा, एक सांगू? मी हे हेल्मेट तुला विकणार नाही. तोंड पाडू नको, ऐक. चार वर्षांमागं एक जण आला होता, वरातीची घोडी चालवणारा. त्याच्या मापाचं नव्हतं माझ्याकडं. तो म्हणाला, कापूस घालून द्या. मी दिलं. आठवड्यानं पडला. हेल्मेट फिरून मागं गेलं अन् कानाच्या वर अकरा टाके. जगला, चांगला हाय. पण त्याची बायको इथं येऊन, या स्टुलावर बसून रडली. त्या दिवसापासून कापूस बंद.

सिद्धम्मा : मग मी काय करू?

सालेहा : ते तुला माहीत. कापायचं कोण नको म्हणतं? तुझं मन?

सिद्धम्मा : माझं मन मानेत अडकलंय. अव्वा आहे. माझी आई. दर मंगळवारी, शुक्रवारी हळदकुंकू लावते जटेला. कधी चुकली नाही. तिला काय सांगू? तुझा देव माझ्या हेल्मेटात मावत नाही म्हणून?

सालेहा : कुठं हाय ती?

सिद्धम्मा : इथंच, डोळ्यांच्या दवाखान्यात. लातूरला माझ्या मावशीकडं राहणार आहे ती दहा दिवस. रिक्षावाल्याला दुकान सांगून ठेवलंय. येईलच आता.

सालेहा : शिबिराला नाही गेली तर नोकरी जाईल का?

सिद्धम्मा : नोकरी नाही जाणार. दुसऱ्या मॅडमला पाठवतील. ...पण मला जायचंय, खाला. घोड्या आल्या त्या दिवशी मी एकीला गूळ द्यायला गेले. तिनं माझा रुमालच ओढून काढला. शंभर मुलींसमोर. मला वाटलं आता मरावं. ती घोडी पुढं आली, जटेचा वास घेतला, फुर्र केलं, अन् पुन्हा गूळ शोधायला लागली. बस, एवढंच. पाया पडली नाही, मागं सरकली नाही. त्या दिवसापासून तिला रोज मीच खरारा करते.

बसम्मा : सिद्धे! अगं सिद्धे, हाईस का आत? दार का लावलंय?

सिद्धम्मा : आली. खाला, तो रुमाल द्या इकडं, लवकर.

सालेहा : या मावशी, या. पायरी हाय, सांभाळून.

बसम्मा : डोळ्यांत औषध सोडलंय मेल्यानं. समदं धुकं धुकं दिसायलंय. कुठं हाय माझी पोरगी? ...सिद्धे, हे काय? केस मोकळे सोडून बसलीस? परक्या घरात?

सिद्धम्मा : माप घ्यायचं होतं अव्वा.

बसम्मा : कशाचं माप? न्हवं बाई, तुमी हिला काय सांगून राहिलाव?

सालेहा : काही नाही मावशी. मी म्हणाले, हेल्मेट हिच्या डोक्याला बसत नाही, म्हणून मी देणार नाही. एवढंच.

बसम्मा : लई बेस केलंत. मीबी तेच म्हनत होते, बायामाणसाला कशाला पाहिजे घोडा. चल सिद्धे. फोन लाव शाळेला, सांग जमत न्हाई म्हनून.

सिद्धम्मा : नाही लावत.

बसम्मा : काय?

सिद्धम्मा : नाही लावत म्हणाले. आजपर्यंत सगळीकडं मीच नाही म्हणत आले. पोहायच्या ट्रेनिंगला नाही. क्रिकेटच्या पंच परीक्षेला नाही, तिथं टोपी घालावी लागते. कापायची मला ही, अव्वा.

बसम्मा : तोंड आवर!

सालेहा : मावशी, आधी बसा तुम्ही. पाणी घ्या.

बसम्मा : पानी नको मला. बाई, हिला ठाऊक हाय समदं, तरी अशी बोलती. हिच्या बापानं हात लावला होता जटेला. सुरी लावली होती. सातव्या दिवशी ग्येला. धडधाकट मानूस. रानातून आला, भाकर खाल्ली अन् ओसरीवर आडवा झाला तो झालाच.

सिद्धम्मा : आप्पा त्यानं नाही गेले.

बसम्मा : मग कशानं ग्येले?

सिद्धम्मा : हार्टनं. तुला माहीत आहे की.

बसम्मा : ते डाक्टर म्हनला. डाक्टर मेल्यावर आला. त्याला काय कळायचं?

सिद्धम्मा : मेल्यावर नाही अव्वा. आधीपासून. आप्पांच्या छातीत चार महिने दुखत होतं. ...तुला आप्पांनी सांगितलंच नाही ना कधी?

बसम्मा : काय सांगितलं न्हाई?

सिद्धम्मा : मला घेऊन उदगीरला गेले होते बघ. दोनदा.

बसम्मा : जत्रंला ग्येला होतात तुमी. बांगड्या आनल्या होत्या तुला, हिरव्या.

सिद्धम्मा : जत्रा नव्हती. पहिल्यांदा गेलो तेव्हा नव्हती, अन् दुसऱ्यांदाही नव्हती. दवाखान्यात गेलो होतो. त्यांच्या छातीला वायरी लावल्या, कागदाची लांब पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज हैदराबादला जा. आप्पा म्हणाले, सोयाबीन निघू द्या, मग जातो. डॉक्टर ओरडले त्यांच्यावर. मी बाकड्यावर बसून ऐकलं सगळं. बाहेर आल्यावर बांगड्या घेतल्या मला. म्हणाले, अव्वाला सांग जत्रा बघून आलो. माझी शपथ आहे.

बसम्मा : कवा? कवाची गोष्ट ही?

सिद्धम्मा : भाद्रपदात. माझा ताप उतरल्यावर.

बसम्मा : जटेला सुरी लावायच्या आधी?

सिद्धम्मा : महिनाभर आधी.

बसम्मा : खोटं बोलून राहिलीस. कापायची हाय म्हनून.

सिद्धम्मा : मी तुझ्याशी कधी खोटं बोलले? ती पट्टी आहे माझ्याकडं. आप्पांच्या कोटाच्या खिशात होती. ते गेल्यावर मी काढून घेतली, माझ्या शाळेच्या वहीत ठेवलीय. अक्षरं उडालीत, पण नाव आहे. वीरण्णा. तारीख आहे.

बसम्मा : एकवीस वरसं तुझ्याजवळ हाय?

सिद्धम्मा : हो.

बसम्मा : अन् मला सांगितलं न्हाईस?

सिद्धम्मा : शपथ होती ना. अन् ते गेले त्या दिवशी डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, हार्ट. मला वाटलं, आता तुला कळलंच. मग कशाला काढायचं पुन्हा? तू तर कधी बोललीच नाहीस आप्पांबद्दल. नाव काढलं की उठून जायचीस.

बसम्मा : बायका बोलायल्या होत्या. ओसरीवर मढं हाय अन् बायका म्हनायल्या, जटेला सुरी लावली, देवीनं नेला.

सिद्धम्मा : तू बायकांचं ऐकलंस. डॉक्टरचं नाही.

बसम्मा : ऐकलं. का ऐकलं ठाऊक हाय? ...बाई, ते पानी द्या इकडं.

सालेहा : घ्या. सावकाश.

बसम्मा : सुरी तुझ्या बापानं घेतली न्हवती, सिद्धे. मी दिली होती त्याच्या हातात.

सिद्धम्मा : तू?

बसम्मा : मीच. तू रात रात रडायचीस, डोकं दुखतंय म्हनून. त्यो नको नको म्हनायला, भ्यायला होता. मी म्हनले, अवो देवी काय माझ्या लेकराला छळाया आलीया का? कापा म्हनले. त्यानं चार बोटं कापली अन् भिऊन सुरी खाली ठिवली. अन् सात दिवसांनी... मी कुनाला सांगू? जिभेवर यायचं पन भाईर पडायचं न्हाई. मी मारला म्हनू का?

सिद्धम्मा : अव्वा.

बसम्मा : मंगळवार अन् शुक्रवार हळदकुंकू लावते ते कशाला? माफी मागते मी. तुला नेऊ नको म्हनते. नवरा नेलास, लेक तेवढी ठेव.

सिद्धम्मा : अन् मी समजत होते, तुला जट पाहिजे. तुझ्यासाठी म्हणून ठेवली मी, अव्वा. तुला बरं वाटतं म्हणून.

बसम्मा : कुनाला पाहिजे असती गं आपल्या पोरीच्या डोक्यावर?

सालेहा : मी चहा टाकते. दोघी रडून घ्या निवांत. गिऱ्हाईक आलं तर सांगते, दुकान बंद हाय.

बसम्मा : नका जाऊ बाई. बसा हितं. ...सिद्धे, खरंच भाद्रपदात ग्येला होता तुमी?

सिद्धम्मा : गणपती उठून दोन-चार दिवस झाले असतील.

बसम्मा : डाक्टर ओरडला म्हनलीस?

सिद्धम्मा : ओरडले. म्हणाले, वीरण्णा, सोयाबीन नंतर पण निघंल. आप्पा नुसते हसले.

बसम्मा : हसायचाच त्यो. त्याला ठाऊक होतं तर. ठाऊक असून भाकर खात बसला माझ्यासमोर. मुकाट. लई द्वाड मानूस.

सालेहा : मावशी, तुम्ही हसून राहिलात.

बसम्मा : हसू की रडू, मलाच कळंना. बाई, तुमच्याकडं कात्री हाय का?

सालेहा : कातडं कापायची हाय. मालकांची. लगामाचे पट्टे कापतात तिनं.

सिद्धम्मा : अव्वा, घाई नको करू. वाटलं तर लातूरला जाऊन—

बसम्मा : लातूरला तुझी मावशी हाय. ती चार बायका गोळा करील अन् माझं मन फिरंल. आत्ताच.

सालेहा : मी कापते. मला सवय हाय.

बसम्मा : न्हाई. तुमी न्हाई, हिनं बी न्हाई. म्याच कापणार. देवी रागवायची झाली तर माझ्यावर रागवू दे. भ्या वाटतंय मला, खोटं कशाला बोलू. पन म्याच कापणार.

सालेहा : पण तुम्हाला दिसत नाही नीट.

बसम्मा : तुमचा हात माझ्या हातावर ठिवा. कुठं लावायची तेवढं दावा. दाबायचं काम माझं.

(दुकानाच्या आतली खोली. सिद्धम्मा खाली चटईवर बसलेली, मागं दोघी जणी.)

सालेहा : इथं. बोटभर सोडून. याच्याखाली केस मऊ हायत, मोकळे हायत. इथून धरा.

बसम्मा : ही काय, ही तिची चामडी तर न्हाई?

सालेहा : नाही, माझं बोट हाय ते. थांबा, काढते. हं. दाबा.

सिद्धम्मा : कापलं?

बसम्मा : कुठलं कापायलंय. दगुड हाय नुसता.

सालेहा : एकदम नाही. थोडं थोडं घ्या, पट्टा कापतात तसं. कडेकडेनं. दाबा. हां. आलं बघा.

सिद्धम्मा : आवाज येतोय. डोक्याच्या आत येतोय आवाज.

बसम्मा : दुखतंय का?

सिद्धम्मा : नाही. थांबू नको.

बसम्मा : आता दाबवंना मला.

सालेहा : माझा हात हाय ना वर. मी नाही सोडत. अजून निम्मं राहिलं.

बसम्मा : देवी आई, बघून घे. म्या कापलं. बसम्मा माझं नाव. ह्या बाईचा हात नुसता वर हाय, तिचा काई दोष न्हाई. पोरगी तर गप बसलीया. जे हाय ते माझं.

सालेहा : दाबा मावशी. शेवटचं.

सिद्धम्मा : ...अव्वा!

बसम्मा : काय झालं? काय होतंय?

सिद्धम्मा : डोकं वर चाललंय. आपोआप. धर मला, पुढं पडेन असं वाटतंय.

सालेहा : धरलं. काही नाही, वजन गेलं म्हणून. डोळे मीट. श्वास घे.

बसम्मा : ती जमिनीवर नका ठिवू बाई.

सालेहा : नाही ठेवली. हे बघा, धुतलेलं फडकं हाय, पांढरं. त्यात ठेवली. गाठ तुम्ही मारा. काय करणार हिचं?

बसम्मा : देवळात नेऊन ठिवते. सांगते, तुझं तू सांभाळ. पोरगी माझी हाय.

सिद्धम्मा : अव्वा, तू ठीक आहेस ना? छातीवर हात का ठेवलायस?

बसम्मा : धडधडायलंय.

सिद्धम्मा : दुखतंय? डाव्या हातात कळ येतीय का? खाला, पंखा लावा! अव्वा, माझ्याकडं बघ!

बसम्मा : अगं भ्यानं धडधडायलंय. भ्यायची बी चोरी झाली का? ओरडू नको. तू बरी हाईस न्हवं?

सिद्धम्मा : मी बरी आहे.

बसम्मा : मग झालं. किती वेळ झाला कापून?

सालेहा : पाच मिनिटं.

बसम्मा : काई झालं न्हाई.

सालेहा : नाही झालं.

बसम्मा : हिकडं ये सिद्धे. दिसत न्हाई तर हातानं बघते. ...हितं खोक हाय. कानामागं. ही कशाची?

सिद्धम्मा : बैलावरून पडले होते.

बसम्मा : व्हय की. हळद दाबली होती मी. इसरूनच ग्येले होते ही खोक. तुझं डोकं बारकं हाय गं. लई बारकं हाय. तान्ही होतीस तसं.

सालेहा : मोरीत गरम पाणी ठेवलंय. शिकेकाई देते. धुऊन ये, टॉवेल नवा हाय. मग टेप लावू.

सिद्धम्मा : आरसा नाही बघितला मी अजून.

सालेहा : नको बघू आत्ता. केस आडवे-तिडवे झालेत. धुतल्यावर मी कडेनं सारखे करून देते, मग बघ.

बसम्मा : बाई, तुमचे उपकार—

सालेहा : ते राहू द्या. चहा घ्या. मालक उतरायच्या आधी त्यांची कात्री जागेवर ठेवते मी, नाही तर मला ओरडा बसंल. केसाला लावली म्हणून धार गेली म्हणतील.

बसम्मा : गेलीच असंल धार.

सालेहा : गेली. पट्टे कापायला आता नवी घ्यावी लागणार.

सिद्धम्मा : खाला, झालं. टॉवेल घेऊ हा?

सालेहा : घे. ये इकडं, सरळ बस. कडेचे केस सारखे करते... हां, झाले. आता टेप. भुवईच्या वर बोटभर... कानाच्या वरून... मागं जिथं उंचवटा असतो तिथून. चोपन्न.

सिद्धम्मा : किती?

सालेहा : चोपन्न. साठाचं चोपन्न झालं. हे घे, हे चोपन्नचं. समोरून घाल, मग मागं दाब. हां. आधी पट्टा लावू नको. खाली वाक. अजून. पायाच्या बोटांकडं बघ.

सिद्धम्मा : पडत नाही.

सालेहा : पट्ट्याशिवाय नाही पडलं, म्हणजे माप बरोबर. आता मावशी, तुम्ही धरा हे दोन्ही हातांनी अन् हलवा. इकडून तिकडं.

बसम्मा : तिला लागंल.

सालेहा : नाही लागत. जोरात. बेटा, आरशात बघ, कपाळ हलतं का सोबत?

सिद्धम्मा : भुवया हलतायत. ...ही मी आहे?

सालेहा : तूच हाय.

बसम्मा : कशी दिसायलीस? मला नुसतं काळं काळं दिसतंय.

सिद्धम्मा : शाळेतल्या मुलीसारखी. दहावीतल्या.

बसम्मा : त्यो मखमलीचा दुसरा टोप होता न्हवं तिथं, लालसर? हात लावला मघा मी. मऊ हाय. त्यो घे की.

सालेहा : तो मिरवणुकीचा हाय मावशी. आत नुसतं पुठ्ठ्यासारखं. फोटोला चांगला. पडल्यावर काही कामाचा नाही. हा काळाच घ्या. आत जाड फोम हाय, मागं ही चकती फिरवून घट्ट-सैल करता येतं. आता पट्टा लाव. हनुवटीखाली माझी दोन बोटं जातात, बरोबर. तोंड उघड मोठं. वरून हेल्मेट दाबल्यासारखं झालं?

सिद्धम्मा : झालं.

सालेहा : म्हणजे नीट बांधलं. अन् ऐक. हे कोणाला वापरायला द्यायचं नाही. उन्हात गाडीवर ठेवायचं नाही. अन् एकदा जोरात पडलीस, डोकं आपटलं, की वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. आतला फोम एकदाच मार खातो. पुन्हा येऊन दुसरं घ्यायचं.

बसम्मा : पडायचं कशाला बोलून राहिलाव बाई?

सालेहा : पडंल मावशी. शिकणारा पडतोच. उठून पुन्हा बसंल.

बसम्मा : खरंच घोडा काई करायचा न्हाई न्हवं?

सिद्धम्मा : करेल काही तरी. मग बघू.

सालेहा : आता पंधरा मिनिटं तसंच डोक्यावर राहू दे, तिथं भिंतीशी बस. नवं हेल्मेट आधी बरं वाटतं अन् नंतर कपाळावर नाही तर कानापाशी टोचायला लागतं. टोचलं तर सांग, दुसरं बघू. घाई नाही.

सिद्धम्मा : बसते. अव्वा, चहा घे तू. थंड होतोय.

बसम्मा : घेते. ...बाई, एक सांगू का तुमाला? देवघराच्या बाजूला त्यांचा फोटो हाय. रोज पुसते. सणाला हार घालते. पन एकवीस वरसं मी मान वर करून बघितलं न्हाई त्याच्याकडं. पुसताना बी काचंकडं बघायची, तोंडाकडं न्हाई.

सालेहा : अन् आता?

बसम्मा : आता आधी भांडणार हाय. म्हनणार, हैदराबादला जायला काय झालं होतं? सोयाबीन मी काढलं असतं की. बांगड्या घेऊन आला म्हनं. मग बघू, बोलंल तर बोलंल.

सालेहा : भांडा. मालक तर माझे वरच हायत, तरी मी रोज भांडते.

बसम्मा : लई हलकं वाटायलंय बाई. जट तिची ग्येली अन् मान माझी हलकी झाली.

सालेहा : सिद्धम्मा बेटा, टोचतं का कुठं? ...बेटा?

बसम्मा : हळू बोला.

सालेहा : काय झालं?

बसम्मा : झोपली. भिंतीला मागं डोकं टेकून. मला दिसत न्हाई नीट, पन श्वास ऐका.

सालेहा : हेल्मेट घालूनच?

बसम्मा : घालूनच.

सालेहा : सव्वाचार झाले मावशी. तुमची साडेचारची बस हाय ना?

बसम्मा : जाऊ द्या ती. साडेपाचची बी हाय.